शेवटी नाव नाही

रविवारी सकाळी आंघोळ-नाश्ता उरकून काटेकोर एक भांडण जिंकायला निघाला. भांडण बरेच दिवस चाललं होतं आणि ते आपणच जिंकणार याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्याच्या मनात शंका तशी कधीच नसे.

घरात त्याला काटेकोर कुणी म्हणत नसे. घरात तो 'अहो' होता, लांब राहणाऱ्या मुलीचा 'बाबा' होता आणि गल्लीत 'चष्मेवाले काका' होता. चौकातल्या दुकानात वर्षानुवर्षं चष्म्याच्या काचा घासून त्याला अशी खोड जडली होती, की केसाएवढी चूक दिसली तरी ती चारचौघांत दाखवून दिल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. 'काटेकोर' ही पदवी त्यानं स्वतःच स्वतःला बहाल केली होती, इंटरनेटवरच्या 'जुन्या रेकॉर्डी' नावाच्या ग्रुपवर.

तो ग्रुप म्हणजे एक अजब दुनिया होती. तिथली मंडळी जुन्या गाण्यांवर प्रेम करत, पण त्याहून जास्त प्रेम एकमेकांच्या चुकांवर करत. अमक्या कंपनीचं लेबल आधी तांबडं होतं की किरमिजी, यावर तिथे रात्री जागवल्या गेल्या होत्या. एका गाण्यात मधेच जे ऐकू येतं तो पेटीवाल्याचा खोकला की दाराची कडी, यावरून दोन सज्जन गृहस्थांनी एकमेकांशी कायमचं बोलणं टाकलं होतं. या सगळ्यात शेवटचा शब्द काटेकोरचा असे. तो आला, मुद्दे मांडून गेला, की बाकीचे अंगठे दाखवून मोकळे होत. इंटरनेटवर वर केलेला अंगठा म्हणजे शाबासकी, एवढं एक बरं होतं.

आजचं भांडण होतं ऑपरेटर मावशींशी. मावशी टेलिफोन खात्यातून कधीच्या निवृत्त झालेल्या. ग्रुपवर फारशा बोलत नसत. एक दिवस त्यांनी एका रेकॉर्डचा क्रमांक देऊन लिहिलं, 'माझ्या आईची एकच रेकॉर्ड निघाली. लेबलवर नुसतं "एक हौशी गायिका" असं छापलं आहे. पण गाणं संपल्यावर ती स्वतःचं नाव सांगते.'

आता यात भांडण्यासारखं काय आहे, असं तुम्हा-आम्हाला वाटेल. पण काटेकोरचे डोळे तिथेच चमकले. फार पूर्वी गाणं मेणाच्या थाळीवर उतरवायचे आणि ती थाळी बोटीनं दूरदेशीच्या कारखान्यात जायची. तिथल्या कामगारांना ना गाण्याची भाषा कळायची, ना गाणारी कोण ते कळायचं. एकीची थाळी दुसरीच्या नावावर खपू नये म्हणून गाणं संपलं की गाणारीनं भोंग्यात तोंड घालून स्वतःचं नाव खणखणीत सांगायचं, असा रिवाज होता. पुढे थाळीच्या कडेला क्रमांक कोरायला लागले आणि नाव सांगायची गरज उरली नाही. या कंपनीनं हा रिवाज नेमका कधी बंद केला, हा तर काटेकोरचा हातखंडा विषय.

त्यानं उत्तर ठोकलं, 'आपण दिलेला क्रमांक रिवाज बंद पडल्यानंतरचा आहे. सबब शेवटी नाव असणं शक्य नाही. आपला दुसऱ्या एखाद्या रेकॉर्डशी घोटाळा होतो आहे.'

मावशींनी लिहिलं, 'आईच्या बाबतीत कसा घोटाळा होईल हो?'

झालं. ग्रुपमध्ये दोन तट पडले. ती रेकॉर्ड काटेकोरनं कधी ऐकलेली नव्हती, पण ऐकायची गरजही त्याला वाटली नव्हती. क्रमांक पुरेसा होता. शेवटी मावशींनीच त्याला बोलावलं. 'घरी या, आपल्या कानांनी ऐका,' म्हणाल्या. तोही गडी असा की स्वतःचा रेकॉर्ड-प्लेअर बरोबर घेऊन निघाला. दुसऱ्याच्या झिजलेल्या सुईवर त्याचा विश्वास नव्हता.

"आज कुणाचा नंबर काढायला निघालात?" बायकोनं दारात विचारलं. चष्म्याच्या दुकानदाराच्या बायकोला हा विनोद शोभून दिसे आणि ती तो वरचेवर करी.

"अगं, एक बाई आहेत. सांगूनही ऐकत नाहीत."

"वयस्क आहेत ना? त्यांच्या आईचं नाव आहे म्हणतात, तर असू द्या की. तुमचं काय जातंय?"

"प्रश्न नावाचा नाही. प्रश्न सालाचा आहे."

बायको हसली आणि त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावरचा दोरा काढून टाकत म्हणाली, "जेवायला या म्हणजे झालं."

मावशींचं घर एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. जिन्यात ओल्या चुन्याचा वास होता आणि मधल्या वळणावर दिवसासुद्धा अंधार होता. दार सुनेनं उघडलं. मावशी खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या. बारीक चण, पांढरेशुभ्र केस, आणि आवाज मात्र इतका स्वच्छ की समोर बसूनही टेलिफोनवर बोलत आहेत असं वाटावं. त्यांच्याही चेहऱ्यावर शंका नव्हती. काटेकोरला ते आवडलं. समोरचा डगमगणारा असला की जिंकण्यात मजा नसते.

"आमचं दोघींचं एका गोष्टीवर एकमत होत नाही," सून चहा ठेवत म्हणाली, "पण हे मी सांगते, नाव आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून दर रविवारी ऐकतेय."

"काय नाव सांगतात त्या?" काटेकोरनं विचारलं.

"ऐका की," मावशी म्हणाल्या. "तीच सांगेल."

प्लेअर मांडता मांडता त्यानं ऐकून घेतलं. मावशी रांगत्या होत्या तेव्हा आई गेली. मामानं सांभाळलं. बहिणीनं परक्या पुरुषांसमोर भोंग्यात गाणं म्हटलं, हे मामाच्या मनातून कधी गेलं नाही, म्हणून त्या घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. सगळे 'तुझी आई' म्हणत, तेही गरज पडली तरच. मावशींच्या लग्नात मामीनं कपड्यांच्या घडीत लपवून ही रेकॉर्ड दिली. सासरी आल्यावर मावशींनी ती लावली.

"आईचं नाव मला तिनंच सांगितलं," मावशी म्हणाल्या. "दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. आजही कुठे लिहिलेलं नाही."

ऐकून कुणाचंही मन द्रवलं असतं. काटेकोरचंही जरा द्रवलं, नाही असं नाही. पण त्याला वाटलं, बाईंची आयुष्यभराची गैरसमजूत आहे, ती आपल्या हातून हळुवारपणे दूर व्हायची आहे. डॉक्टरला वाटतं तसं वाटलं त्याला.

रस्त्याचा आवाज नको म्हणून सुनेनं खिडक्या लावल्या, पडदे ओढले. खोली एकदम लहान झाली. डांबराच्या गोळ्यांचा वास, जुन्या कपाटाचा वास, आणि रेकॉर्ड कागदातून बाहेर निघाली तसा आणखी एक वास, मेणासारखा, गोडसर. काटेकोरनं रेकॉर्ड पडद्याच्या फटीतल्या उजेडात तिरपी धरून कडेचा क्रमांक वाचला आणि मान डोलावली. मग सुई टेकवली.

आधी खरखर. मग त्या खरखरीतून एक बारीक आवाज वर आला. गाणं साधंच होतं. बाई काही मोठी गायिका नव्हती, एका जागी सूरही थोडा निसटला, पण ती कुणाला भीत नव्हती हे ऐकू येत होतं. मावशी डोळे मिटून बसल्या होत्या. सून ओठातल्या ओठात शब्द म्हणत होती. गाणं संपलं. खरखर पुन्हा एकटी उरली. काटेकोर पुढे झुकला.

तेव्हा त्याला श्वास ऐकू आला. बोलण्याआधी माणूस छातीत भरून घेतो तसा. भोंग्याच्या अगदी जवळ कुणीतरी तोंड आणलं होतं... आणि तिथेच थांबलं होतं.

मग काहीच नाही. सुई आतल्या कोऱ्या भागात घसरली आणि टक-टक करत राहिली.

काटेकोरच्या मानेवरचे केस उभे राहिले होते, हे त्यानं पुढे कुणालाच सांगितलं नाही. त्यानं सुई उचलली. "बघा."

"परत लावा," सून म्हणाली. "सुईनं उडी मारली असेल."

त्यानं परत लावली. गाणं तेच, सूर त्याच जागी निसटला. शेवटी या वेळी श्वासही नव्हता. नुसती खरखर, आणि टक-टक.

"माझी सुई नवी आहे," काटेकोर शक्य तेवढ्या मऊपणे म्हणाला. "ती उडी मारत नाही. सवयीनं आपल्याला आहे असं वाटत राहतं. माझ्या दुकानात माणसं नुसत्या रिकाम्या फ्रेममधून बघून 'हां, आता स्पष्ट दिसतंय' म्हणतात."

मावशींनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "सूनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "सांग गं यांना. काय म्हणते ती शेवटी?"

"अहो आई, ते तर..." सून बोलायला गेली आणि अडली. तिनं पुन्हा तोंड उघडलं. "तुम्हीच सांगा ना."

मावशींचे ओठ हलले. पण आवाज आला नाही. एकदा, दोनदा. त्यांनी खुर्चीच्या हातावर बोटं आवळली. "हे काय..." त्या पुटपुटल्या. "सगळ्या गावाची नावं तोंडपाठ होती मला. कुणाचं कनेक्शन कुठे लावायचं ते झोपेत सांगायचे... आणि माझ्या आईचं..."

"आई, आठवेल. जरा पाणी घ्या."

"काय केलंत तुम्ही?" मावशींनी विचारलं. रागानं नाही. एखादी वस्तू कुठे ठेवली असं विचारावं तसं.

"मी काहीच केलं नाही," काटेकोर म्हणाला. "मी फक्त ऐकलं."

जिना उतरताना त्याच्या मनात आलं, दोघी नाटक करत असाव्यात. हरल्यावर माणसं कशी कशी वागतात हे त्यानं ग्रुपवर पुष्कळ पाहिलं होतं. बाहेर चांगलं ऊन होतं. बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. प्लेअर मांडीवर घेऊन त्यानं फोन काढला आणि लिहिलं, 'प्रकरण मिटलं. समक्ष ऐकलं. शेवटी नाव नाही.'

भराभर अंगठे वर आले. कुणी 'वा काटेकोर' म्हणालं, कुणी 'आमचा आधीपासून हाच अंदाज होता' म्हणालं. खिडकीच्या थंडगार गजाला डोकं टेकवून तो त्या अंगठ्यांकडे समाधानानं बघत राहिला.

तेवढ्यात भिंगरीनं खोडा घातला. भिंगरी ग्रुपवर नवी आलेली मुलगी, कुठल्याशा कॉलेजात शिकणारी, नेहमी अदबीनं बोलणारी. तिनं लिहिलं, 'सर, माझ्या आजोबांकडे याच रेकॉर्डची एक प्रत निघाली. आत्ताच लावली. शेवटी बाई नाव सांगतात. ध्वनिफीत सोबत जोडते आहे.'

काटेकोरनं कानात इअरफोनची बोंडं घातली. खरखर, तेच गाणं, तोच निसटता सूर. गाणं संपलं. मग श्वास... आणि श्वासानंतर, अगदी कानाशी, एका बाईनं स्वच्छ आवाजात नाव सांगितलं.

ते त्याच्या बायकोचं नाव होतं.

आणि आवाजही तिचाच होता. थोडा तरुण, लग्नाच्या वेळचा. बस वळली, उन्हाचा पट्टा त्याच्या चेहऱ्यावरून गेला, आणि पुढच्याच क्षणी त्याला विलक्षण संताप आला. म्हणजे ही थट्टा होती. कुणीतरी त्याच्या घरची माहिती काढली, कुठल्या तरी लग्नसमारंभाच्या चित्रफितीतून आवाज उचलला आणि रेकॉर्डच्या शेवटाला चिकटवून दिला. आजकाल काय लपून राहतं? एवढी वर्षं ज्यांची तोंडं बंद केली, त्यांच्यापैकीच कुणीतरी या पोरीला पुढे केलं असणार.

त्यानं एकामागून एक मुद्दे टाकले. भोंग्यात बोललेला आवाज असा भरीव येत नाही. गाण्यातली खरखर आणि नावामागची खरखर यांची जात वेगळी आहे. हौशी बाई कधी नाव सांगत नसत, म्हणून तर त्या हौशी. आणि मुख्य म्हणजे क्रमांक. लिहिताना त्याची बोटं नुसती पळत होती. आपण इतकं मुद्देसूद याआधी कधी लिहिलं नव्हतं, असं त्याला वाटलं. शेवटी त्यानं लिहिलं, 'हे नाव मागाहून जोडलेलं आहे. ते तिथे नाही आणि कधीच नव्हतं.'

अंगठ्यांचा पाऊस पडला. थोड्या वेळानं भिंगरीचा निरोप आला. 'माफ करा सर. परत लावून बघितली. खरंच नाव नाही. मघाशी कसं ऐकू आलं कळत नाही. काढून टाकते.'

काटेकोर बसमधून उतरला तो शीळ घालतच.

बायकोनं पानं वाढायला घेतली होती. जेवताना त्यानं सगळी हकिगत रंगवून सांगितली. बायको 'बिचाऱ्या' म्हणाली आणि त्याच्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

"आणि पुढची गंमत ऐक. एका पोरीनं खोटी फीत टाकली. शेवटी नाव कुणाचं घालावं? तुझं."

"माझं? इश्श. माझं नाव कशाला?"

"मला डिवचायला. अगदी तुझ्या आवाजात. बाई म्हणते..."

तो थांबला. शब्द जिभेच्या टोकावर होता. होता म्हणजे असायला हवा होता. त्यानं बायकोकडे पाहिलं. ती ऐकायला थांबली होती, हातात डाव, कपाळावर एक बट.

"काय म्हणते?"

"अगं, तुझं नाव म्हणते."

"हो, पण काय म्हणते?"

त्यानं घास खाली ठेवला. घरात तो तिला 'अगं' म्हणे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात कधीतरी नावानं हाक मारली असेल, पण मग मुलगी झाली आणि ती सगळ्यांची 'आई' झाली. भावाची 'ताई', नणंदेची 'वहिनी', गल्लीची 'काकू'. नाव असं लागतच नव्हतं. म्हणून ते जागेवर नाही हे लक्षात यायला त्याला एवढा वेळ लागला.

"तूच सांग की," तो म्हणाला. हे वाक्य आपण आज कुठे तरी ऐकलं, असं त्याला वाटलं.

बायको हसत हसत सांगायला गेली. मग तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले.

"अहो... असं काय होतंय?"

"दमली आहेस. ओळखपत्र आण, त्यावर आहे." काटेकोरचा आवाज अजून पक्का होता. कागद असताना घाबरायचं कशाला, हा त्याचा स्वभाव.

तिनं कपाटातून ओळखपत्र आणलं. फोटो तिचा होता. आधी बाईचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, अशी आपली रीत. कार्डावर नवऱ्याचं नाव होतं आणि आडनाव होतं. त्यांच्या आधी काही नव्हतं. खोडलेलं नव्हतं, पुसलेलं नव्हतं, मोकळी जागाही सोडलेली नव्हती. ओळ सुरूच त्याच्या नावापासून होत होती.

"यात तर तुमचंच नाव आहे हो..." बायको हलक्या आवाजात म्हणाली. ती कार्ड उलटंपालटं करत राहिली. "माझ्या फोटोखाली तुमचं."

त्यानं मुलीला फोन लावला. मुलगी घाईत होती. "आईचं नाव काय म्हणजे? बाबा, बरं आहे ना? आईचं नाव..." घाई तिच्या आवाजातून गेली. "आईच की," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज लहानपणी अंधारात उठून हाक मारायची तसा झाला. "बाबा... आई कुठे आहे?"

"इथेच आहे. समोर आहे. तू ठेव फोन."

आता काटेकोर घाबरला. चांगलाच घाबरला, कारण बायकोवर त्याचं प्रेम होतं आणि ते त्यानं आजवर कुणाला मुद्दे मांडून सांगितलं नव्हतं. पण काय झालंय हे कळायला त्याला वेळ लागला नाही. हुशारी त्याची खोटी नव्हती. तो 'नाही' म्हणाला होता म्हणून ते नव्हतं. मग 'आहे' म्हणायचं. एवढंच ना? जन्मात जे दोन शब्द लिहिले नव्हते ते लिहायचे.

त्यानं फोन हातात घेतला आणि लिहिलं, 'मी चुकलो. त्या रेकॉर्डवर नाव आहे.'

उत्तर लगेच आलं. 'काय हो काटेकोर, परीक्षा घेताय आमची? क्रमांक विसरलात?'

'नाव आहे,' त्यानं लिहिलं. 'दोन्ही नावं आहेत. मी ऐकलं आहे.'

'सकाळी समक्ष ऐकून आलात तेव्हा नव्हतं, दुपारी कुठून आलं?' दुसऱ्यानं विचारलं. तिसऱ्यानं त्याचेच मुद्दे जसेच्या तसे खाली चिकटवले, खरखरीची जात वगैरे सगळं, आणि विचारलं, 'यातला कोणता मुद्दा चूक आहे ते सांगा.' काटेकोरनं ते वाचले. एकही चूक नव्हता. आपल्याच लिहिण्यात त्याला बोट घालायला फट सापडेना. त्यानं भिंगरीला ती फीत परत मागितली. ती म्हणाली, काढून टाकली सर, आणि तुम्हीच बरोबर होता, त्यात काहीच नव्हतं. तिच्या उत्तरावरही अंगठे वर आले.

"मी चहा टाकते," बायको म्हणाली. ती उठली होती. चेहरा उतरलेला होता, पण तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बळेच हसली. "इतकं मनाला लावून घेऊ नका. तसंही या घरात माझं नाव लागतं कुणाला?"

ती स्वयंपाकघरात गेली. भांडं ठेवल्याचा आवाज आला, नळ सुटला आणि बंद झाला.

मावशींना आठवलं असेल, या एकाच आशेवर त्यानं त्यांचा नंबर फिरवला. मावशींना आठवलं असेल तर आपल्यालाही हिचं नाव आठवेल. फोन वाजला नाही. थोडी खरखर आली आणि मग स्वच्छ आवाज आला, "आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही."

"मावशी?" तो म्हणाला.

"आपण फिरवलेला क्रमांक अस्तित्वात नाही."

आवाज मावशींचाच होता. त्यांनी नोकरीत असताना असं काही बोलून ठेवलं असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. फोन खाली ठेवला तेव्हा बाहेर संध्याकाळ होत आली होती आणि खोलीत कुणी दिवा लावला नव्हता. चहाचा वास येत नव्हता. मेणासारखा, गोडसर वास येत होता.

"अगं," त्यानं हाक मारली.

"काय?" स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

त्याचा जीव भांड्यात पडला. आहे. तिथेच आहे. 'अगं' ला ओ देते आहे, मग नाव गेलं तर गेलं, आपण सगळं आयुष्य 'अगं' वरच काढलंय. तो खुर्चीत मागे टेकला.

"अगं, दिवा लाव."

"काय?"

एक गोष्ट काटेकोरच्या कानाला पक्की ठाऊक होती. एकाच माणसानं एकच शब्द दोनदा उच्चारला, तरी तो दोन्ही वेळा सारखा येत नाही. कुठे श्वास कमी पडतो, कुठे टोक लांबतं. एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी एकाच वेळच्या की वेगळ्या, हे तो त्यावरूनच ओळखत असे आणि त्यात त्याची चूक आजवर कुणी काढली नव्हती. त्यानं श्वास रोखला आणि तिसऱ्यांदा हाक मारली.

"काय?"

तीच उंची. तीच लांबी. शेवटी तोच किंचित वर गेलेला सूर, आणि त्याच्या मागे, अगदी बारीक, सुई टेकल्यासारखा आवाज.

तो स्वयंपाकघराकडे गेला नाही. अंधारात खुर्चीवर बसून त्यानं पुन्हा हाक मारली, या वेळी जरा वेगळ्या सुरात, आणि कान देऊन ऐकू लागला.